थ्रेड लिफ्टनंतर फरक पडला की नाही, हे नक्की कसं मोजायचं

थ्रेड लिफ्ट, म्हणजे कातडीखाली धागे घालून ओघळलेला चेहरा वर ओढून घेणं, करून आलेली बरीच माणसं पहिल्या आठवड्यात खूश असतात आणि तीन-चार महिन्यांनी म्हणायला लागतात की काही राहिलंच नाही, पैसे वाया गेले. यातलं खरं किती हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही कारण मोजलेलंच नसतं. आधीचा फोटो म्हणून कुठल्यातरी लग्नातला मेकअप केलेला सेल्फी आणि नंतरचा फोटो म्हणून बाथरूमच्या लाइटखाली काढलेला, मग त्यावरून काय ठरवणार? म्हणून पहिल्यांदाच थ्रेड करणाऱ्यांसाठी, किंवा क्लिनिकमध्ये नुकतेच कामाला लागलेल्यांसाठी हे सगळं पायरीपायरीने लिहितोय. यातलं बहुतेक घरी, साध्या फोनवर जमतं.

आधी थोडं धाग्यांबद्दल, कारण कधी मोजायचं ते त्यावर ठरतं. हल्ली बहुतेक धागे विरघळणारे असतात. ते कशाचे बनलेत त्यावर त्यांची नावं आहेत: पीडीओ साधारण ६ ते ८ महिन्यांत विरघळतो, पीएलएलए आणि पीसीएल त्याहून जास्त टिकतात, वर्ष-दीड वर्ष किंवा अजून पुढे. धाग्याचं काम दोन प्रकारचं असतं. काटेरी म्हणजे कॉग थ्रेड आतल्या टिश्यूला पकडून वर ओढतात, हा परिणाम तिथल्या तिथे दिसतो. आणि धाग्याभोवती शरीर जे नवं कोलॅजन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार करतं त्याला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. साधे मोनो थ्रेड ओढत नाहीतच, त्यांच्याकडून फक्त हा दुसरा परिणाम मिळायची आशा असते, त्यामुळे मोनो थ्रेड करून आठवड्यात जॉ-लाइन म्हणजे जबड्याची कड वर गेली असं कोणी सांगत असेल तर ती सूज आहे असं समजा.

पायरी १: काय मोजायचंय ते आधी कागदावर लिहा

"चेहरा फ्रेश दिसला पाहिजे" हे मोजता येत नाही. जॉ-लाइनवर लोंबणारी पिशवी म्हणजे जॉल, नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी, गालाचा उंचवटा, भुवईचं बाहेरचं टोक, हनुवटीखालची मान, यातलं तुम्हाला नेमकं काय खटकतंय ते लिहा, दोन-तीनच गोष्टी लिहा, आणि डॉक्टरांनाही हाच कागद दाखवून विचारा की यातल्या कशावर धाग्याने फरक पडेल आणि कशावर नाही. जी गोष्ट धाग्याने बदलणारच नव्हती ती सहा महिन्यांनी मोजून नाराज होण्यात अर्थ नाही.

पायरी २: "आधी"चा फोटो

माझ्या मते अर्धं काम इथेच आहे. बाकी सगळं नंतर सुधारता येतं पण सुई लागल्यावर आधीचा चेहरा परत मिळत नाही, त्यामुळे यासाठी एक वेगळा दिवस काढा, प्रोसिजरच्या सकाळी घाईघाईत नको.

फोन हातात धरायचा नाही, ट्रायपॉडवर लावायचा, मागचा कॅमेरा वापरायचा आणि अंतर दीड मीटरच्या आसपास ठेवायचं. हे अंतर का, तर जवळून काढलेल्या फोटोत चेहऱ्याचा पुढचा भाग फुगतो आणि कडा मागे जातात. २०१८ साली एका अमेरिकन अभ्यासात गणिताने काढून दाखवलं होतं की १२ इंचावरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा खालचा भाग ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतो. मग आधीचा हातभर अंतरावरून आणि नंतरचा लांबून काढला तर धागा न घालताच चेहरा बदललेला दिसणार. फोनमध्ये २एक्स किंवा ३एक्स लेन्स असेल तर ती वापरा, पण एकदा जी घेतली तीच शेवटपर्यंत. ब्यूटी मोड, पोर्ट्रेट मोड, फिल्टर सगळं बंद. ट्रायपॉडचे पाय कुठे आणि तुमची खुर्ची कुठे ते जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा आणि लेन्सची उंची लिहून ठेवा.

लाइट समोरून, दोन्ही बाजूंनी सारखा, चेहऱ्याच्या उंचीवर. छतावरच्या लाइटमुळे घड्यांची सावली पडते आणि त्या खोल दिसतात, समोरून फ्लॅश मारला तर त्याच घड्या गायब होतात. खिडकीचा उजेड चांगला असतो पण तो दर तासाला बदलतो, त्यामुळे जमलं तर पडदे ओढून दोन दिवेच वापरा.

आता डोक्याची पोझिशन, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, मुद्दाम नाही तर नकळत. हनुवटी जरा वर केली की जॉल कमी होतो आणि मान ताणली जाते, जरा खाली केली की दोन्ही वाढतात. डॉक्टर लोक यासाठी फ्रँकफर्ट प्लेन वापरतात, म्हणजे कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत आणायची. मागच्या भिंतीवर एक आडवी रेष असेल तर बाजूच्या फोटोत हे लगेच तपासता येतं. पाठ सरळ, खांदे सैल, नजर समोर एका ठरलेल्या खुणेवर. आणि फोटो बसूनच, आडवं पडून कधीच नाही, कारण आडवं पडलं की गाल आपोआप कानाकडे सरकतात.

केस मागे घ्या पण करकचून बांधू नका, घट्ट पोनीटेलने कपाळ आणि भुवई खरंच ओढली जाते. मेकअप नाही, चष्मा नाही, कानातलं नाही, गळा उघडा. दाढी असेल तर प्रत्येक वेळी सारखीच. ओठ मिटलेले, दात हलके टेकलेले, एकदा आवंढा गिळून चेहरा सैल सोडायचा आणि मग फोटो.

पाच फोटो लागतात: समोरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण साइडने. ४५ अंश डोळ्याने ठरवू नका, मान न वळवता खुर्चीसकट फिरा आणि नाकाचं टोक पलीकडच्या गालाच्या कडेला जेमतेम टेकलेलं दिसलं की थांबा, दर वेळी तीच पोझिशन मिळते. याशिवाय एक फोटो मोठं हसताना काढा, कारण धागा कुठे खेचतोय, कुठे खड्डा पडतोय हे शांत चेहऱ्यावर कधी कधी कळतच नाही, हसल्यावर कळतं. फोटो मूळ फाइल म्हणूनच ठेवा, चॅटवर पाठवून परत उतरवलेला नको, त्यात बारकावे जातात.

पायरी ३: आपल्याच फोटोंची चूक किती ते बघा

ही पायरी बहुतेक सगळे सोडतात. प्रोसिजरच्या आधीच, वरचा सगळा सेटअप करून फोटो काढा, मग खुर्चीवरून उठा, जरा फिरून या, परत बसा, परत काढा. असं तीनदा. दुसऱ्या दिवशी अजून तीनदा. हे सगळे फोटो "आधी"चेच आहेत, म्हणजे त्यांच्यात खरा फरक शून्य असायला पाहिजे, पण मोजलंत की थोडा फरक दिसेलच. तो फरक म्हणजे तुमच्या पद्धतीची चूक. थ्रेड लिफ्टमधला बदल बहुतेक वेळा मिलिमीटरमध्ये असतो, त्यामुळे तुमची चूकच दोन मिलिमीटर असेल तर दीड मिलिमीटर लिफ्ट मिळाली असं तुम्ही म्हणूच शकत नाही, ना मिळाली असं, ना नाही मिळाली असं. चूक जास्त येत असेल तर सेटअप सुधारा, बहुतेक वेळा डोकं कलतं किंवा खुर्ची सरकते.

पायरी ४: फोटोवर मोजणं

समोरच्या फोटोवर दोन अंतरं घ्या: डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत, आणि कानासमोरच्या छोट्या उंचवट्यापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत, डावी-उजवी वेगळी. उंचवटा समोरून नीट दिसत नसेल तर दुसरं अंतर ४५ अंशाच्या फोटोवर घ्या. भुवईसाठी बाहुलीच्या मध्यापासून भुवईच्या खालच्या कडेपर्यंत. ज्या कुठल्या फोटो अ‍ॅपमध्ये दोन बिंदूंमधलं अंतर पिक्सेलमध्ये कळतं ते चालेल.

पिक्सेलचे मिलिमीटर कसे करायचे? डोळ्यातला रंगीत गोल म्हणजे आयरिस, त्याची आडवी रुंदी मोठ्या माणसांमध्ये साधारण ११.७ मिलिमीटर असते, माणसामाणसांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच फरक. म्हणजे चेहऱ्यावरच पट्टी लावलेली आहे. समजा फोटोत आयरिस ७८ पिक्सेल आला, तर एक पिक्सेल ०.१५ मिलिमीटर. डोळ्याचा कोपरा ते ओठाचा कोपरा आधी ४५५ पिक्सेल होतं म्हणजे ६८.२५ मिलिमीटर, नंतर ४४७ झालं म्हणजे ६७.०५, तर ओठाचा कोपरा १.२ मिलिमीटर वर गेला.

पण यात एक खाच आहे. आयरिस मोजताना एका पिक्सेलची चूक झाली, ७८ ऐवजी ७९ धरला, तर हेच ६८ मिलिमीटरचं अंतर जवळजवळ ०.९ मिलिमीटरने बदलतं. म्हणजे १.२ च्या फरकातला बराचसा भाग नुसत्या बोटाच्या चुकीचा असू शकतो! म्हणून आयरिसचा उपयोग फक्त अंदाजाला करा आणि तुलनेला दोन बाहुल्यांमधलं अंतर घ्या, ते मोठं असतं त्यामुळे एका पिक्सेलने फारसं बिघडत नाही, आणि धाग्याने ते बदलायचं काही कारणही नाही. ओठापर्यंतचं अंतर भागिले बाहुल्यांमधलं अंतर, एवढा एक आकडा लिहून ठेवा. फक्त नजर दर वेळी त्याच खुणेवर पाहिजे कारण जवळ बघताना बाहुल्या आत येतात. आणि हे गणित समोरच्याच फोटोत चालतं, ४५ अंशात बाहुल्यांमधलं अंतर आखडतं.

साइड आणि ४५ अंशाच्या फोटोंमध्ये मी आकड्यांपेक्षा एकावर एक ठेवून बघणं पसंत करतो. नंतरचा फोटो अर्धा पारदर्शक करून आधीच्यावर ठेवायचा, कान आणि नाक जुळवायचे, आणि मग जॉ-लाइनची कड बघायची. सरळ आहे की मध्ये फुगवटा आहे, फुगवटा किती पुढे होता आणि आता कुठे आहे. कान-नाक जुळतच नसेल तर डोकं वेगळ्या अँगलला होतं, तो फोटो बाद, कितीही छान दिसत असला तरी. साइडच्या फोटोत हनुवटी आणि मान यांच्यातला कोनही मोजता येतो पण तो डोकं हललं की लगेच बदलतो, त्यामुळे त्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका.

पायरी ५: कधी मोजायचं

त्याच दिवशी टेबलवर काढलेला "आफ्टर" मोजणीत धरायचा नाही. तेव्हा भुलीच्या इंजेक्शनचं पाणी आत असतं, सूज असते, भुलीने स्नायू थोडा वेळ सुन्न असल्यामुळे चेहरा वाकडाही दिसू शकतो, आणि काही डॉक्टर मुद्दाम जरा जास्त ओढतात कारण पुढे ते सैल होणार हे त्यांना माहीत असतं. तो फोटो रेकॉर्ड म्हणून ठेवा, बस.

दोन आठवड्यांनी काढा, त्यात सुरकुतलेली जागा, खड्डा, डावं-उजवं हे बघायचं. मग एक महिना, तीन महिने, सहा महिने आणि बारा महिने. माझ्यासाठी महत्त्वाचा आकडा तीन महिन्यांचा, कारण तोवर सूज गेलेली असते आणि कोलॅजनचं जे काही व्हायचं ते बऱ्यापैकी झालेलं असतं. टिकलं का हे सहा आणि बारा महिन्यांना कळतं. पीडीओ असेल तर सहाच्या पुढचा फोटो अजिबात सोडू नका. सगळे फोटो दिवसाच्या एकाच वेळी काढा, सकाळी उठल्याउठल्या चेहरा सुजलेला असतो. पाळीच्या आधी पाणी साठतं, त्या दिवसांत टाळलेलं बरं.

पायरी ६: फोटोला मार्क देणं

अंतर बदललं म्हणजे दिसायला बरं झालं असं नाही, म्हणून स्केल लागते. सगळ्यात सोपी आणि जगभर वापरली जाणारी जीएआयएस, तिच्यात पाचच पायऱ्या: खूपच सुधारणा, बरीच सुधारणा, सुधारणा, फरक नाही, आधीपेक्षा वाईट. नियम एकच, दर वेळी आधीचा फोटो शेजारी ठेवूनच मार्क द्यायचा, आठवणीवरून नाही. नाकाजवळच्या घडीसाठी डब्ल्यूएसआरएस आहे, १ म्हणजे घडी नाही आणि ५ म्हणजे खूप खोल, त्यात पूर्ण एका पायरीचा फरक पडला तर तो दखल घेण्यासारखा मानतात. आणि पेशंटला स्वतःला काय वाटतं यासाठी फेस-क्यू नावाच्या प्रश्नावल्या आहेत, गाल, जॉ-लाइन वगैरेंच्या वेगवेगळ्या, उत्तरांचा ० ते १०० असा स्कोअर निघतो. क्लिनिकला त्या वापरायच्या असतील तर परवानगी काढावी लागते. घरी करायचं तर पायरी १ च्या कागदावरच्या प्रत्येक गोष्टीला ० ते १० मार्क द्या, आधी आणि मग दर फॉलो-अपला, मागचे मार्क न बघता.

पायरी ७: न सांगता दुसऱ्याला विचारा

ज्याने धागा घातला आणि ज्याने पैसे दिले, दोघांनाही फरक दिसावा असं मनापासून वाटत असतं. यात खोटेपणा काही नाही, माणसाचा डोळाच तसा आहे. म्हणून तिसरा माणूस लागतो. आधीचा आणि तीन महिन्यांचा फोटो घ्या, नाणं उडवून कुठला डावीकडे ठेवायचा ते ठरवा, फाइलची नावं काढून टाका आणि ज्याला काहीच माहीत नाही अशा कोणालातरी विचारा, यातला नंतरचा कुठला? "मी तरुण कुठल्यात दिसते" असं विचारू नका, लोक मन राखून उत्तर देतात. एकाने बरोबर ओळखलं तर तो अंदाजही असू शकतो, अर्धा चान्स आहेच. पाचपैकी पाचांनी बरोबर सांगितलं तर निव्वळ नशिबाने असं व्हायची शक्यता ३२ मध्ये १ आहे, मग काहीतरी आहे असं म्हणायला जागा आहे. आणि पाचातल्या तिघांनी चुकीचं सांगितलं तर तुमच्या मोजपट्टीवर १ मिलिमीटर आला असला तरी तो कोणाला दिसत नाहीये, हेही तितकंच खरं उत्तर आहे.

अभ्यासांमध्येही हीच पद्धत असते. २००९ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात कोणाला काय केलंय हे माहीत नसलेल्या सर्जननी फोटोंना मार्क दिले होते, त्यात नुसती थ्रेड लिफ्ट केलेल्यांची वर्षाहून जास्त काळानंतरची सुधारणा इतर प्रोसिजर केलेल्यांपेक्षा खूपच कमी भरली. तेव्हाचे धागे आणि आताचे धागे एकसारखे नाहीत हे मान्य, पण काय केलंय हे माहीत नसताना मार्क दिले की आकडे खाली येतात हे लक्षात असू द्या.

पायरी ८: डायरी

फोटोच्या दिवशीचं वजन लिहा. तीन-चार किलो कमी झाले तर जॉ-लाइन धाग्याशिवायही बदलते, आणि गाल उतरले म्हणून चेहरा जास्त ओघळलेलाही दिसू शकतो. बोटॉक्स, फिलर, लेसर, दातांचं मोठं काम, जे काही झालं ते तारखेसकट लिहा. बोटॉक्सचा परिणाम दोन आठवड्यांत पूर्ण येतो आणि तीन-चार महिन्यांत जातो, म्हणजे थ्रेडबरोबरच बोटॉक्स केलं असेल तर चौथ्या महिन्यात जे गेलं ते धाग्याचं की बोटॉक्सचं हे कोणीच सांगू शकणार नाही. मोजायची खरंच इच्छा असेल तर एका वेळी एकच गोष्ट करा.

त्रासही निकालाचाच भाग आहे, तो पण लिहायचा. २०२१ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा सूज साधारण ३५ टक्के लोकांना, कातडीवर खड्डा किंवा सुरकुती १० टक्के, बधिरपणा किंवा मुंग्या ६ टक्के, धागा दिसणं किंवा हाताला लागणं ४ टक्के, इन्फेक्शन २ टक्के आणि धागा बाहेर येणं २ टक्के असं निघालं. खड्डा कुठल्या बाजूला, कधी दिसला, कधी गेला, हे फोटोसकट ठेवा. मात्र वाढत जाणारं दुखणं, लाली, गरम लागणं, पू, ताप, बाहेर आलेलं धाग्याचं टोक, किंवा हसताना एक बाजू हलत नसणं, यातलं काही असेल तर पुढच्या फोटोच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. धागा स्वतः ओढायचा किंवा कापायचा नाही.

क्लिनिकमधली यंत्रं

काही ठिकाणी थ्रीडी कॅमेरा असतो, तो चेहऱ्याचा पृष्ठभाग टिपतो आणि आधी-नंतरचा फरक रंगीत नकाशावर मिलिमीटरमध्ये दाखवतो. चांगली सोय आहे, पण डोकं आणि हावभाव तिथेही सारखेच लागतात, आणि सुजेला तो व्हॉल्यूमच समजतो. कातडी किंचित शोषून ती किती ताणते आणि परत येते हे सांगणारं क्युटोमीटर असतं, ते लवचिकता सांगतं, लिफ्ट नाही. अल्ट्रासाउंडमध्ये धागा कुठल्या थरात आहे ते दिसतं, खड्डा किंवा गाठ असेल तेव्हा त्याचा खरा उपयोग. यातलं काही नसेल म्हणून क्लिनिक वाईट ठरत नाही. फोटोचा ठरलेला कोपरा, जमिनीवरच्या खुणा आणि ठरलेला लाइट आहे का हे बघा, मला ते महागड्या मशीनपेक्षा जास्त सांगून जातं.

कन्सल्टेशनला जाताना

क्लिनिकचे बिफोर-आफ्टर दाखवतील तेव्हा विचारा, आफ्टर किती दिवसांनंतरचा? सहा महिन्यांचे आहेत का? बरोबर अजून काही केलं होतं का? फोटोत दोन्हीकडे कानाची उंची नाकाच्या मानाने सारखी आहे का ते स्वतः बघा, आफ्टरमध्ये कान खाली गेलेला असेल तर हनुवटी वर केलेली आहे. धाग्याचा प्रकार, ब्रँड, प्रत्येक बाजूला किती आणि कुठून कुठे हे लेखी मागून घ्या, पॅकेटवरचं स्टिकर मिळालं तर उत्तमच.

सहा महिन्यांनी परत करायचं का असा प्रश्न येईल तेव्हा तीन महिन्यांच्या छान फोटोशी तुलना करू नका, आधीच्या फोटोशी करा. अजूनही आधीपेक्षा वर असेल आणि तो फरक पायरी ३ मधल्या चुकीपेक्षा मोठा असेल तर थांबायला हरकत नाही. आधीच्याच जागी परत आलं असेल तर आता तुमच्या हातात किती मिलिमीटर, किती महिने आणि किती त्रास याचा हिशोब आहे, तोच कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि परत धागेच का, की दुसरं काही, हे विचारा.